आप्पांच्या पोटातले पाहुणे

श्रीयुत मेहुणेबुवांस,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. या वेळी ते निम्म्याहून अधिक खरंही आहे. तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. (असावीच, त्यात माझा स्वार्थ आहे, तो शेवटी.) खाणीवर तुमचा फोन लागत नाही, म्हणून पत्र ट्रकवाल्याच्या हाती देतोय.

आप्पांचा न्यूमोनिया आटोक्यात आला, पण अतिदक्षता विभागात तुमच्या तीर्थरूपांची बुद्धी भरकटली. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात, जुने वैद्य सन्निपात म्हणाले असते. जन्मभर परीक्षा घेतलेला माणूस. त्यांना वॉर्डच परीक्षेचा हॉल वाटू लागला. मॉनिटर वाजला की इशाऱ्याची घंटा, आणि शेजारच्या खाटेवरचा बेशुद्ध गृहस्थ आपलं बघून लिहितोय, ही तक्रार. तुमच्या ताईला त्यांनी आसनक्रमांक विचारला. ती बाहेर जाऊन रडली. मला मात्र म्हणाले, “हुशार मुलगा आहे, नाव काढील.” लग्नानंतरची ही पहिली शाबासकी, आणि तीही वाताच्या भरात.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, औषधांच्या माऱ्यात पोटातले भले जंतू मेले, आणि पोट ओसाड पडलं की डोकंही भरकटत असावं. तेव्हा निरोगी माणसाच्या (स्पष्टच लिहितो) विष्ठेतले जंतू काढून, तपासून, नळीने आप्पांच्या पोटात सोडायचे. प्रयोगच आहे, हमी नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, आमच्या शास्त्रातही अन्नमय कोश आधी, मनोमय नंतर. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. सही ताईनेच केली, डोळे मिटून.

परवा सकाळी आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “केस का विंचरले नाहीस गं?” मग मान वळवून, “हा अजून इथेच? याला काही कामधंदा?” ताई पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं. बाईंनी विचारलं, हे यांचं नेहमीचं बोलणं का? मी अभिमानाने म्हटलं, शब्दन्‌शब्द. गुण जंतूंचा की काळाचा, हे त्यांनाही ठाऊक नाही. पण अपमानाने इतका सुखावलेला जावई त्यांनी पाहिला नसावा.

लोभ आहेच, तो वाढवायचा की कसं, हे खालचं वाचून ठरवा.

तुमचा,
ताईचा नवरा

ता. क. : संध्याकाळी आप्पांना अजून घंटा ऐकू येते, म्हणून दुसरा डोस द्यायचाय आणि आधीचा दाता आजारी आहे. माझी तपासणी झाली. शिंक आली की अँटिबायोटिक घेणारा मी, नापास. (आप्पांना कळवलेलं नाही, त्यांना फार आनंद होईल.) तुम्ही मात्र लहानपणापासून प्रत्येक गोळी थुंकत आलात, हे ताईने सांगताच बाईंचा चेहरा उजळला.

आणखी एक : मुलगा घरी येतो तो हात हलवत, ही आप्पांची जुनी तक्रार. याही खेपेला तसेच या. हवं ते तुमच्याबरोबर येईलच.