टाकीतल्या जंतूंची बाजू

तीर्थस्वरूप मावशी,

रागावली असलीस तरी साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? (आठ दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्रानं विचारतोय.) आम्ही खुशाल आहोत, संडासही कालपासून खुशाल आहे.

"हिच्या फिनेलनंच टाकी तुंबली," असं मी चारचौघांत म्हणालो आणि तू तणतणत बॅग भरून गेलीस. पण माझंही ऐक. चाळीस वर्षं तू हॉस्पिटलात सिस्टर होतीस. जंतूंचं नाव काढलं की तुझा हात बाटलीकडे जातो. आमच्या सेप्टिक टँकमध्ये मात्र जंतू हेच कामगार, हे मला टाकी उपसणाऱ्या गाडीवाल्यानं समजावलं. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि गाळ खाऊन कमी करायचं काम ही मंडळी बिनपगारी करतात. त्यांच्यावर तू दोन महिने रोज अर्धी बाटली ओतलीस! (गाडीवाला म्हणाला, "साहेब, एवढं फिनेल दुकानातसुद्धा नसतं.") न्हाणीघरात घोट्याएवढं पाणी साचलं. तुझी सून शेजारणीकडे अंघोळीला जाऊ लागली, आणि मी कुठे जात होतो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्यात टाकीचं झाकण कुठे आहे ते बाबांनी कधी कुणाला सांगितलेलंच नाही. अंगणात चार खड्डे खणून माझी कंबर धरली, तेव्हा कुठे ते कपडे वाळत घालायच्या जागेखाली सापडलं. आता दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवायची, आणि तळणाचं तेल मोरीत ओतायचं नाही, असं ठरलंय.

तेव्हा राग सोड आणि ये. बाटली तेवढी तिकडेच ठेव.

तुझा
भाचा

ता. क. टाकी उपसली तरी पाणी हटेना, म्हणून गाडीवाल्यानं पाइपात सळई घातली. हातभर लांब बोळा निघाला. दाढीनंतर तोंड पुसायचे माझे वेट वाइप्स! (पाकिटावर 'फ्लश करा' असं लिहिलंय, देवाशप्पथ.) फिनेल जास्त झालं हे खरं, पण तुंबवलं मी. चुकलो, मावशी. तू नाहीस तर घर खायला उठतं.

ता. क. २. हे तुझ्या सुनेला माहीत नाही. तू आल्या आल्या तिच्यासमोर एवढंच म्हण, की चूक फिनेलचीच होती. तुझं ती ऐकते.

ता. क. ३. मावशी, पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. तुम्ही लगेच निघा. तुम्ही येईपर्यंत संडास हे घासणार आहेत. आल्यावरही हेच.