पाण्यात हात आत्यांचे

१२ जानेवारी, रविवार

घरात मासे येणार! आनंदराजने सकाळी काचेची रिकामी टाकी आणून हॉलमध्ये ठेवली. म्हणाला, दिवसभर भिंतीकडे बघून बघून तूच भिंतीसारखी व्हायला लागलीस, आता हे बघत जा.

खोटं नाही. सप्टेंबरात हैदराबादला किडनी बदलली तेव्हापासून मी या दोन खोल्यांतच आहे. तोंडाला मास्क. गर्दी नको, माती नको, शाळा नको. माझ्या सातवीच्या वर्गाला दुसऱ्याच बाई शिकवतात.

टाकी चालेल का म्हणून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बघा हवं तेवढं, पण पाण्यात हात घालायचा नाही, मासे पकडायची जाळीसुद्धा धुवायची नाही. त्या पाण्यातल्या जंतूंनी धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण मी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या खाते.

मग हात कोण घालणार? आनंदराजची नोकरी फिरतीची. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या म्हणाल्या, "मी हाय की."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आनंदराजची आई कोंडाबाई. माझ्या पोटात आहे ती किडनी त्यांची.

१३ जानेवारी

आत्यांचं आजचं वाक्य — "मासे पाळायचे असतेत हे मला ठावं नव्हतं. म्या आतापत्तर खाल्लेच."

१७ जानेवारी, शुक्रवार

पाण्यावरून दिवसभर विचार. आमच्या नांदेडातल्या तरोड्याच्या बोअरचं पाणी जड. पातेल्यात उकळलं की तळाला पांढरी खपली धरते. मला निऑन हवे होते, ते निळ्या-लाल रेघेचे. पण त्यांना मऊ पाणी लागतं. आनंदराजला एंजल हवा. तो थाळीएवढा वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. मग दोन्ही नकोत. आपल्या पाण्यात जे सुखाने राहतील, एकमेकांना खाणार नाहीत, तेच आणायचे. गप्पी आणि प्लॅटी. तळाशी फिरायला कोरी, पण एकटा-दुकटा नको, त्यांना घोळका लागतो.

किती दिवसांनी काहीतरी ठरवतेय! आजारी पडल्यापासून माझ्याबद्दलचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. चांगलंच ठरवलं, तक्रार नाही. पण आज वहीत मासे जुळवताना मी पुन्हा बाई झाले, शाळेतली.

२१ जानेवारी, मंगळवार

झाडं लावली. म्हणजे आत्यांनी लावली, मी खुर्चीवर बसून सांगितली.

गवतासारखी लांब पानांची व्हॅलिस्नेरिया मागच्या काचेजवळ, वाळूत खोचून. तिला जड पाणी चालतं. हॉर्नवर्ट नुसती तरंगत सोडली. अनुबियासला मात्र मुळं पुरलेली चालत नाहीत, खोड कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधावी लागते. आत्यांनी ती बोटाने दाबून खोल खोचली. जन्मभर रानात राबलेला हात, झाड दिसलं की पुरणारच. मी म्हटलं, आत्या, मुळं वर राहू द्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मुळं वर ठेवून कोणतं झाड जगतं, म्हणाल्या. मग काढली, आणि शिवायच्या काळ्या दोऱ्याने दगडाला अशी घट्ट बांधली की पुरात वाहून जायची नाही.

वाकताना त्यांनी डावी कूस धरली. मला दिसलं.

किडनी द्यायची तर माझ्या आईला शुगर, आनंदराजचा रक्तगट जुळेना, भाऊ नाही. तेव्हा आत्या मुदखेडकडच्या आमच्या गावाहून एक पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, माझी तपासा. नऊ वर्षांच्या लग्नात आमची भेट फक्त बुद्धपौर्णिमेला आणि लग्नकार्यात. जेवण वाढणं, पाया पडणं, एवढंच. सासूची किडनी, रक्ताचं नातं नाही, म्हणून सरकारी कमिटीपुढे जावं लागलं. तिथे त्यांना विचारलं, कोणी जबरदस्ती केली का? त्या म्हणाल्या, मला कोण जबरदस्ती करतंय.

एवढ्या मोठ्या गोष्टीला आभार कसे मानतात? रोज सकाळी उठले की हाच प्रश्न पडतो. चहा दिला की थँक्यू. पाणी दिलं की थँक्यू. आत्या वैतागतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

टाकीत अजून पाणी आणि झाडंच. चांगले जंतू वाढायला चार-पाच आठवडे द्यावे लागतात, नाहीतर माशांच्याच घाणीने मासे मरतात. गंमत आहे — माझ्या अंगात जंतू नकोत, टाकीत हवेत.

शेजारच्या पारूबाई दारातूनच डोकावून गेल्या. मासे कुठायत, म्हणाल्या. आत्या म्हणाल्या, येऊन राहिलेत. आणि परत त्या रिकाम्या पाण्यासमोर बसल्या. मीही. दुपारभर आम्ही दोघी काहीच नसलेलं बघत होतो. आत्यांनी त्यांच्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली, ती बाळंतपणात गेली. मला माहीतच नव्हतं त्यांना बहीण होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

मासे आले! सहा गप्पी, चार प्लॅटी. आनंदराज आणि आत्या रिक्षाने गेले, मी घरी जीव मुठीत धरून. पिशव्या न फोडता पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं पाणी हळूहळू सारखं होऊ द्यायचं, असं मी दहादा बजावलं होतं. आत्यांनी सगळं तसंच केलं.

पण एक अकरावा निघाला. पिवळा, काळ्या पट्ट्यांचा. दुकानदार बालाजीने प्रेमाने दिला, पहिलं गिऱ्हाईक म्हणून. टायगर बार्ब! मी म्हटलं, हा भांडखोर आहे, दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. आत्यांचा चेहरा उतरला. त्यांना तोच सगळ्यांत देखणा वाटला होता. मग मीच म्हटलं, राहू दे, बघू.

२७ फेब्रुवारी

राहू द्यायला नको होतं. मोठ्या गप्पीची शेपटी झालर फाटल्यासारखी झालीय.

आत्या टायगरची बाजू घेऊन राहिल्यात. एकटा हाय म्हणून करतोय, म्हणाल्या. तेही खरंच आहे. ते घोळक्यात असले की आपसांत खेळतात, एकटे पडले की दुसऱ्यांना छळतात. पण आणखी पाच टायगर आणले तर गप्पी कुठे जाणार? आमची टाकी केवढी! हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग जाळी घेतली.

दुपारी टायगरला पिशवीत घालून एकट्याच रिक्षाने दुकानात गेल्या. आल्या तेव्हा पिशवीत पाच कोरी होते. ह्यांचा सोभाव बघूनच आणले म्हणाल्या, तासभर बसले होते तिथं. मी इतकी हसले की टाके असते तर उसवले असते.

५ मार्च, बुधवार

रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. क्रिएटिनिन वर. उद्या पहाटे हैदराबाद.

८ मार्च, हैदराबाद

शरीर किडनी नाकारायला लागलंय. बायोप्सीत तसंच आलं. तीन दिवस इंजेक्शनं, मग कळेल. आनंदराज बाहेर बाकावर बसलाय, माझ्यासमोर हसतो.

मरायची भीती वाटत नाही, असं लिहिणार होते, पण वाटतेच. त्याहून दुसरी गोष्ट जास्त टोचते. त्यांनी अंगातलं काढून दिलं आणि मला ते सांभाळता आलं नाही, असं झालं तर? मी कोणत्या तोंडाने घरी जाऊ?

आत्या एकट्या घरी आहेत. येते म्हणत होत्या, आनंदराजने नको म्हटलं.

९ मार्च

आत्यांचा व्हिडिओ कॉल. शेजारच्या पोरीकडून लावून घेतला होता. माझा चेहरा बघितला आणि लगेच फोन टाकीकडे फिरवला. तब्येतीचं एक अक्षर नाही. फाटक्या शेपटीचा आता बरा हाय, शेपूट वाढून राहिली. कोरी सगळे झाडाखाली. चिमूटभरच टाकलं, तू म्हणली तेवढंच.

मी बघत राहिले. फोन हलत होता, नुसतं हिरवं हिरवं दिसत होतं. त्या हिरव्यावर जरा वेळ डोळे टेकले.

१० मार्च

नांदेडला सकाळपासून लाईट नाही, ट्रान्सफॉर्मर जळाला. फिल्टर बंद. आत्यांनी फोन केला, मासे वर येऊन तोंड उघडून राहिले. मी सांगितलं, मगात पाणी घ्या आणि उंचावरून परत टाकीत ओता, पाण्यात हवा जाते. थोड्या थोड्या वेळाने करा.

लाईट संध्याकाळी आली. पारूबाईंकडून कळलं, आत्या दिवसभर स्टुलावर बसून मग ओतत होत्या. जेवायलाही उठल्या नाहीत. पारूबाईंनी ओतते म्हटलं तर दिलं नाही. एक गप्पी गेलाच. तो आत्यांनी मला सांगितला नाही.

त्या कुशीवर हात ठेवून ओतत असतील. इथे खाटेवर पडून मला ते दिसत होतं.

१४ मार्च, शुक्रवार

क्रिएटिनिन उतरलं!! डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, किडनी वाचली.

आनंदराज बाथरूममध्ये जाऊन रडून आला. नळ सोडला होता, तरी ऐकू आलं.

१६ मार्च, रविवार

घरी. दारात आत्यांनी माझ्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळला नाही, असलं काही त्या मानत नाहीत. फक्त खांद्याला हात लावला आणि म्हणाल्या, आंघोळ करून घे, भात लावलाय.

मी त्यांच्या पायाशी बसले. मला बोलायचं होतं. सगळं तोंडाशी आलं होतं. त्या म्हणाल्या, बघ आधी, त्या वरच्या झाडात काय हाय.

हॉर्नवर्टच्या दाटीत पिल्लं! तांदळाच्या कणीएवढी, डोळेच डोळे. मोठे मासे त्यांना खातात, पण झाड दाट होतं म्हणून वाचली. मी मोजायला गेले, मोजता येईनात.

बोलायचं राहिलं.

६ एप्रिल

आजचा दिवस चांगला. काही घडलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणूक गॅलरीतून बघितली, मास्क लावून. आत्या खाली गेल्या नाहीत, निळी साडी नेसून माझ्याजवळच उभ्या राहिल्या. घोषणा द्यायच्या वेळी मात्र त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

२९ एप्रिल, मंगळवार

शाळेतून हेडबाईंचा फोन. आत्यांचा सत्कार करायचा आहे, शाल आणि सन्मानपत्र. सुनेला किडनी देणारी सासू. पेपरवालेही येणार. मला इतकं बरं वाटलं! मला जे बोलता येत नाही ते चार माणसांत कोणीतरी बोलेल. मी लगेच हो म्हटलं, आत्यांसाठी पैठणी काठाची साडीसुद्धा मागवायला सांगितली.

आत्यांना सांगितलं, तर हातातला मग खाली ठेवून सरळ आत गेल्या.

३० एप्रिल

आत्या परवा गावी जायचं म्हणतात. चुलत जाऊ केवळाबाई आठ-नऊ महिने घर सांभाळून थकली, म्हणतात. सत्काराला नाही म्हणाल्या. का ते सांगेनात. मी जरा चिडूनच विचारलं, तुमच्यासाठी आम्ही एवढंही करायचं नाही का? मीच मूर्ख. आता त्या रागावून जाणार.

टाकीचं पाणी बदलायला आनंदराज शिकतोय. अर्धं पाणी फरशीवर.

२ मे, शुक्रवार

आत्या गेल्या. जाताना स्टीलच्या डब्यात थोडी पिल्लं घेतली, गावच्या हौदात सोडायला. डासाची अळी खातात ना, मीच सांगितलं होतं.

आनंदराज रिक्षा आणायला गेला तेव्हा आम्ही दोघीच होतो. डबा मांडीवर घेऊन त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "सत्कार कशाचा घेऊ? तुझ्यासाठी न्हाई दिली म्या. माझ्या लेकासाठी दिली. त्यो एकटा पडंल म्हणून. तवा तुझी-माझी वळख तरी कुठं होती?"



मग माझ्याकडे बघितलं. "आता मागितली असतीस, तर तुझ्यासाठी दिली असती."

रिक्षा आली. त्या आत बसल्यावर मी डबा त्यांच्या हाती नीट दिला, आणि सप्टेंबरपासून पहिल्यांदाच थँक्यू म्हणायचं मला सुचलंच नाही.