दात कशाने घासता?

३ नोव्हेंबर, सोमवार
सुमनताईंची स्लाइड आज रंगवली. जिभेच्या कडेच्या कॅन्सरचा तुकडा. गडद तपकिरी. वाटलं, रसायन जास्त वेळ राहिलं असेल, म्हणून पुन्हा केली. तेच. रंग जितका गडद, तितकी कॅन्सर मानेच्या गाठींत उतरायची शक्यता जास्त, असं आमच्या लॅबच्या सरांचं म्हणणं. नुसतं म्हणणंच, सिद्ध व्हायचंय. त्यासाठीच दोन वर्षं हा अभ्यास चाललाय आणि माझी पाठ कामातून गेलीय.

४ नोव्हें., मंगळ.
सर खूश. "तंबाखू नाही, तरी एवढा रंग? महत्त्वाची केस आहे." फॉर्म मीच भरलेला. तंबाखू खाता का? नाही. गुटखा? नाही. विडी? नाही. पाच मिनिटांत उरकला होता.

सर्जन मॅडमचं अडलंय. जिभेबरोबर मानही उघडायची, की नुसती नजर ठेवायची? सोनोग्राफीत मान स्वच्छ आहे. मी म्हटलं, रंगाचं मॅडमना सांगू या. सर: "अभ्यासातला निकाल रुग्णासाठी वापरायचा नाही. नियम माहीत आहे ना?" माहीत आहे. टाइप मीच केलाय.

६ नोव्हें., गुरु.
सुमनताई खडकीहून ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना आल्या. बाकावर बसून पिशवीतून डबी काढली, बोट बुडवलं, दातांवर फिरवलं. वास आला आणि मी जागीच थांबले. आत्या तव्यावर तंबाखू जाळायची, तोच वास.

"ताई, हे काय?"
"मशेरी."
"मी विचारलं होतं ना, तंबाखू खाता का?"
"तंबाखू कुठं खाती मी? ती गडीमानसं खात्यात. ह्यानं दात घासायचं. लग्नाआधीपासनं हाय."

खोटं बोलल्याच नव्हत्या. मी विचारलं खाण्याचं, त्यांनी उत्तर दिलं खाण्याचं. सदाशिव पेठेत तीस वर्षं राहून मी आत्याचा तवा विसरले. फार लाज वाटली. मशेरी म्हणजे जाळलेला तंबाखूच, हे समजावलं. डबीचं झाकण लावत म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाई का, बाई."

७ नोव्हें., शुक्र.
सरांना सांगितलं. चेहरा उतरला. मग म्हणाले, "बाकीच्या बायकांचं काय?" 'नाही' लिहिलेल्या प्रत्येकीला फोन करायचा. "आपणच विचारलंत, आता आपणच निस्तरा." बरं.

मशेरीचं मॅडमना सांगणार, ते तर नियमात बसतं, असं मी म्हटलं. सरांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. "सांगा. रंगाचं मी बोलतो. तोंडी." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम सैल केला.

१० नोव्हें., सोम.
फोन. आता तंबाखूचं नावच काढत नाही. दात कशाने घासता? आज तिघी मशेरीवाल्या निघाल्या. एकीने विचारलं, "पेस्ट विकताय का?" दुसरी म्हणाली, "कशानं म्हंजे? बोटानं." घसा बसला. यादी अर्धीही झाली नाही.

१३ नोव्हें., गुरु.
सुमनताईंचं ऑपरेशन झालं. मानही उघडली. जिभेतल्या कॅन्सरची खोली सीमेवरच होती, म्हणून धोका पत्करला नाही, असं मॅडम म्हणाल्या. रंगाने किती वजन टाकलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुपारी मानेच्या गाठी डबीत घालून आमच्याकडेच आल्या. लेबलवर नुसता नंबर, पण तो मला पाठ आहे. सरांचं म्हणणं खरं ठरावं म्हणून दोन वर्षं राबले. या एका बाईपुरतं ते खोटं निघू दे.

१५ नोव्हें., शनि.
वॉर्डात जाऊन आले. फॉर्म दुरुस्त करून त्यांची सही घ्यायची होती, पण खरं तर त्यांना बघायचंच होतं. जीभ सुजलेली, बोलता येत नाही. उशाशी वही. मी फॉर्म वाचून दाखवला: मशेरी, होय, रोज, लग्नाआधीपासून. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, वही ओढली आणि सावकाश लिहिलं:

'डबी टाकली. आता "नाही" लिहा.'

फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती. मी समासात लिहिलं आणि खाली सही घेतली.

गाठींच्या स्लाइड सोमवारी.