फळीपुढचा ठसा

३ नोव्हें., रवि.
वैष्णवी दर रविवारसारखी सरावाला आष्टीहून पहिल्या एस.टी.नं आल्ती. दादाची ही पोरगी सोळाची, पण तिहेरी उडीत तिसरी ढांग माझ्यापेक्षा लांब. मी उड्या सोडून नऊ वर्षं झाली. ऑपरेशन झालेला गुडघा आज जिना चढतानाही दुखला. ती म्हणे, "आत्या, तुझा जिल्ह्याचा रेकॉर्ड मीच मोडते." म्हटलं, मोड.

१६ नोव्हें., शनि.
संघटनेच्या सचिवांचा फोन. उद्याच्या जिल्हा स्पर्धेचे तिहेरी उडीचे पंच आजारी, उडी घ्यायच्या फळीवर मी बसायचं. सांगितलं, माझी भाची खेळून राह्यली. ते हसले. "मॅडम, इथं कोणाची तरी भाची असतेच. या जल्दी."

१७ नोव्हें., रवि.
वैष्णवीची तिसरी उडी. माझ्या रेकॉर्डच्या पुढं, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. पण फळीपुढच्या ओल्या मातीत बुटाचा ठसा, म्हणजे पाय फळीच्या पुढं गेलेला. नखाएवढा.
लाल झेंडी दाखवली. उडी बाद.
पुढच्या उड्या बिलकुल जमल्या नाहीत. दुसरी आली. राज्य स्पर्धेला फक्त पहिलीच जाते. माझ्याकडं न बघता दादासोबत गेली.

२० नोव्हें.
दादाचा फोन. "सुमे, स्वतःचा रेकॉर्ड वाचवलास."
"ठसा होता, दादा."
"नखभर. दुसऱ्या कोणाला दिसला नसता." फोन ठेवला.

२४ नोव्हें., रवि.
वैष्णवी आली नाही. तरी ग्राउंडवर गेले, खड्ड्यातली वाळू सारखी केली.
आजवर कुठल्याच वहीत लिहिलं नाही ते लिहिते. माझ्या रेकॉर्डच्या उडीलाही पायाखाली माती दबल्ती. चवड्याला बराबर कळलं होतं. पंच कोणाशी तरी बोलत होते. त्यांनी पांढरी झेंडी दाखवली. दादानं मला खांद्यावर घेतलं आणि मी गप्प राहिले. खेळाडू कोट्यातून नोकरी लागली ती त्याच प्रमाणपत्रावर. एकोणीस वर्षं.

२९ नोव्हें.
ह्यांना सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग, "आता सांगून कोणाचं भलं होणारे? नोकरीचं काय?"
माहीत नाही. अर्ज लिहिला: माझा रेकॉर्ड काढून टाकावा. दोनदा फाडला. तिसरा ठेवला.

१ डिसें., रवि.
आष्टीला गेले. वैष्णवी शेतात कापूस वेचत होती. दादा बस म्हणाला नाही. उभ्यानंच दोघांना सगळं सांगितलं.
वैष्णवी म्हणाली, "मंग तुला नोकरी, आन् मला लाल."
"हो."
"तव्हाच सांगायचं होतंस."
"सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं."
दादा म्हणाला, "मी पेढे वाटले होते गं गावात." एवढंच. वहिनीनं घरून चहा आणला, तो तसाच राहिला. परतताना एस.टी.त खूप रडले. पण लाल दाखवली ते चुकलं असं अजूनही वाटत नाही.

४ डिसें.
अर्ज नेऊन दिला. सचिवांनी वाचला, घडी करून परत माझ्यापुढं सरकवला. "मॅडम, घरी न्या. विचार करा."
म्हटलं, विचार झालाय. पोच द्या.
शिक्का मारून घेतला. एक प्रत आमच्या ऑफिसातही दिली. साहेबांनी वर बघितलं नाही, म्हणाले, "वर पाठवावं लागेल."

८ डिसें., रवि.
साडेआठला ग्राउंडवर मोटारसायकल. मागं वैष्णवी. दादा गेटाबाहेरच थांबला, गाडी चालू ठेवून.
ती खाली बसली. बूट घातले. मी फळीजवळ गेले तर म्हणाली, "सांगू नको काही. नुसतं बघ."
पहिल्यांदा पळत आली, फळीपाशी थांबली. परत गेली, स्वतःच पावलं मोजली, सुरुवातीची खूण अर्धा फूट मागं घेतली. पुन्हा थांबली. पुन्हा मोजली.
उडी अजून मारलेली नव्हती. गेटाबाहेर दादानं गाडी बंद केली.