अकरावं डोकं

रविवार, ता. ९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. ‘पत्रास कारण की’ एवढं लिहून तीन कागद फाडले, म्हणून हा चौथा कारणाशिवायच सुरू करतो. माझी तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, तुझी वहिनी त्यांच्याहून जास्त कुरकुरते. भावजींचा खोकला थांबला का? आणि तू निवृत्त झालीस तरी आळीतल्या पोरांना धाकात ठेवतेस असं ऐकलं. ठेव, कुणीतरी ठेवायलाच हवं.

नकाशे काढायची नोकरी संपली की मी गप्प बसेन असं ज्यांना वाटलं, ते मला ओळखत नाहीत. चर्चच्या मंडळाने मला आपल्या भागातल्या चॅपलांचा, त्या छोट्या प्रार्थनाघरांचा, इतिहास लिहायला सांगितलाय. एकोणीस चॅपलं, प्रत्येकाला पुस्तिकेत एक पान. वर्षभर टेप आणि वही घेऊन हिंडतोय. गिरणीच्या गावातलं चॅपल विणकरांनी संपाच्या दिवसांत बांधलं, रिकाम्या हातांना काहीतरी काम हवं म्हणून. खाणीच्या गावात एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन आहेत, कारण उपासनेत पेटी वाजवावी की नाही यावरून मंडळी फुटली. आता एकात व्यायामशाळा आहे, दुसऱ्यात रंगाचे डबे, आणि पेटी कुणाकडेच नाही. तू असतीस तर हसून हसून लोळली असतीस.

अठरा पानं झरझर झाली. एकोणिसावं आपल्या चॅपलचं, जिथे बाबा राखणदार होते. ते पान तीन महिने अडून बसलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. चॅपल उघडं ठेवायचं तर मोजणीच्या रविवारी बाकांवर निदान अकरा मोठी माणसं बसलेली हवीत, हा मंडळाचा नियम. तपासनीस दाराशी उभा राहून डोकी मोजायचा. आपल्या चॅपलला येणारे आपण सगळे मिळून बाराजण होतो. तू शिक्षिकेच्या नोकरीसाठी शहरात गेलीस आणि पुढच्याच मोजणीत दहा भरले. चॅपलला कुलूप लागलं. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, “पोरगी असती तर अकरा झाले असते.” खोटं नव्हतं ते. पण बारांतून एक गेली तर दहाच कसे उरले, हे कुणी विचारलं नाही.

धाकटे, अकरावा मी होतो.

घंटा वाजवून खाली यायचं आणि मागच्या बाकावर बसायचं, हे माझं काम. त्या दिवशी मी खाली आलोच नाही. वर दोरीपाशी बसून राहिलो. तू गेल्यावर झाडणं, पुसणं, दिवे, सगळं माझ्या गळ्यात पडलं होतं. मलाही शहरातली नोकरी चालून आली होती, तर बाबा म्हणाले, “मग घंटा कोण वाजवणार?” चॅपल बंद पडावं असं मला मनापासून वाटत होतं. पडलं. उपासनेत मागे वळून बघायचं नाही ही आपली शिस्त, म्हणून कुणाला कळलं नाही, अशा समजुतीत मी चाळीस वर्षं काढली. बोल तुला लागत राहिले आणि मी मूग गिळून गप्प राहिलो. तू सुट्टीत आलीस की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जायचे. मग तू येईनाशी झालीस. दर रविवारी ते धुतलेला शर्ट घालून त्या कुलपाच्या दारापुढे पायरीवर बसायचे. आणि मी त्यांना चहा नेऊन द्यायचो, गुणी मुलगा!

मागच्या महिन्यात मंडळाच्या कपाटात बाबांची हजेरीची वही सापडली. किल्लीबरोबर त्यांनी ती जमा केली होती. त्या रविवारच्या पानावर दहा हजर माणसं, आणि खाली त्यांच्या किरट्या अक्षरात: ‘थोरला वर होता. बोललो नाही. एक गेली, बोललो तर हाही जाईल.’

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी हातचा जाऊ नये म्हणून त्यांनी तुझ्यावर ढकललं. मी तिथेच रडलो गं. कपाटापुढे, चष्मा हातात धरून. कारकून बिचारा पाणी घेऊन धावला.

एकोणिसावं पान काल छापखान्यात दिलं. अकरावा माणूस घंटेपाशी बसून राहिला आणि राखणदाराच्या मुलीवर आळ विनाकारण आला, असं स्वच्छ लिहिलंय. तुझी वहिनी म्हणाली, “अहो, आधी वन्संना विचारा तरी.” मुद्दाम विचारलं नाही. तू ‘जाऊ दे रे दादा’ म्हणाली असतीस आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. वहीतलं ते पान सोबत ठेवलंय. ते तुझ्याकडेच असू दे.

आता एक उरलं. ते पुस्तिकेत नाही.

शेवटच्या आजारात बाबा दोनदा म्हणाले होते, “धाकटीला बोलाव. मला तिच्याशी बोलायचंय.” मी तुला कळवलं नाही. ती येणार नाही म्हणते, असं त्यांना सांगितलं. तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती मला. त्यांना तुझ्याशी काय बोलायचं होतं, ते ही वही वाचेपर्यंत मला कळलं नाही. ते तुझी वाट बघत गेले.

आधी बाबांच्या वतीने, आणि मग जमलं तर स्वतःसाठी,
तुझी माफी मागणारा
दादा