शिवांजलीच्या फॉर्मवरची सही

कुंडल,
रविवार, २६ एप्रिल २०२६

चि. तानाजीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळी बरी आहेत. ऊन लय आहे, पंपाच्या मोटारी जळून दुकानात येतायत, त्यामुळं मला मान वर करायला सवड नाही. तिकडं जेवणाची आबाळ करू नकोस. परवा बोलता बोलता रेंज गेली, म्हणून हे पत्र.

मुद्द्याचं बोलते. तुझ्या शिवांजलीचा सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शिबिरात नंबर लागलाय. दहावीची परीक्षा दिलेल्या पोरींसाठी आहे, पंधरा दिवस तिथंच राहून शिकायचं. तालुक्यातनं तिघीच. आणि तू फोनवर म्हणतोस, "न्हाई पाठवायची. पोरीच्या जातीला पाना-पक्कड कशाला?"

अरे, ज्या ताईनं पाना-पक्कड धरून तुला फौजेत भरती होईपर्यंत पोसलं, तिला हे ऐकवतोस?

गेल्या आठवड्यात हंबीरराव मोटार घेऊन आला. शिवांजलीनं हात घातला, तर म्हणतो, "अंबूताई, आदीच मोटार मेलीया, वर पोरीच्या हातात देताय व्हय?" पोरगी म्हणाली, "आवं काका, मोटार जित्ती हाय. कंडेन्सर गेलाय." बदलला, मोटार सुरू! हंबीरराव चहा न घेताच गेला.

तुझ्या छावणीत बाई अधिकारी आली की टाचा जुळवून सलाम ठोकतोस ना? ती काय आभाळातनं पडली? तिच्याही बापानं कुठल्या तरी फॉर्मवर सही केलीच असेल.

मध्येच उठून चूळ भरून आले. राग निवेना.

रेंज गेली नव्हती, तानाजी. "राजेश्वरीला तू कुठं शिकवलंस?" असं तू विचारलंस आणि मी फोन ठेवला.

राजेश्वरीची दहावी झाली तेव्हा तू सुट्टीवर होतास. भाचीसाठी माझ्याशी भांडलास. डिप्लोमाला तिचा नंबरच लागला नाही, असं मी तुला तोंडावर सांगितलं. लागला होता. पत्र आलं होतं. मी ते ट्रंकेत लुगड्यांखाली घातलं आणि जतचं स्थळ पक्कं केलं. तिलाही कळू दिलं नाही.

जळकी मोटार नव्या तारेनं भरताना वेढे तीच मोजायची. कधी एका वेढ्यानं चुकली नाही. मागल्या महिन्यात तिच्याकडं गेले, तर मिक्सर बंद पडलेला. जावई तो दुरुस्तीला घेऊन निघाला. मी म्हटलं, "अगं, उघडून बघ की." तर हात मांडीवर ठेवून म्हणाली, "राहू दे आई. मला काय कळतंय त्यातलं?"

फॉर्मवर तुझ्या बायकोनं सही केलीय, चांगली ठसठशीत. तिला फोन करून ओरडायचं नाही. ओरडायचं तर माझ्यावर. चार तारखेला सकाळच्या एसटीनं मी पोरीला घेऊन निघतेय. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर ती सांगलीत असेल.

याच टपालानं राजेश्वरीला तिचं पत्र धाडतेय. अठरा वर्षांत पिवळं पडलंय, पण तिचं नाव अजून नीट वाचता येतं.

राजेश्वरीची आई,
अंबू