डेल्बर्टचा विजय

९ नोव्हेंबर
जमीन गोठायच्या आत वाफ्यावर पेंढा घातला. लिलीसारख्या फुलांची माझी जांभळी डेलिली, परागकण लावून, बी पेरून, चार वर्षं खपून काढलेली माझी स्वतःची जात, पुढच्या जुलैत प्रदर्शनात जाणार. नाव ठरलंय : 'डेल्बर्टचा विजय'. माझी बायको मार्लिस म्हणाली, कुठलं रोप कुठे आहे ते कागदावर काढून ठेव. बायकांना काय सांगायचं? नकाशा माझ्या डोक्यात आहे.

१७ जानेवारी. उणे तीस.
शेजारचा व्हर्लिन स्कार बर्फ उडवायचं यंत्र मुद्दाम माझ्या वाफ्याकडे तोंड करून चालवतो. दारात जाऊन झापला. तर म्हणतो, अरे, बर्फ म्हणजे रोपांची गोधडी, आभार मान माझे. वर कॉफी घेतोस का म्हणून विचारतो. निर्लज्ज. घेतली नाही. वास चांगला येत होता.

२१ एप्रिल
बर्फ गेला. आमच्या मिनेसोटाची जमीन गोठून फुगली आणि रोपांच्या नावाच्या सगळ्या पट्ट्या उखडून पायवाटेवर पडल्या. दुसरा कोणी रडत बसला असता. मी तासाभरात जागच्या जागी खोचल्या. मार्लिसने विचारलं, कोंब तर सगळे सारखेच, तुला कसं कळलं? अनुभव.

८ मे
सासूबाईंच्या शेतावरून आलेली नारिंगी डेलिली खणून काढली. रस्त्याकडेच्या चरात उगवणारी जात, माझ्या वाफ्यात काय करतेय? मार्लिस म्हणाली, आईची आठवण आहे रे, निदान फुलेपर्यंत थांब. नाही थांबलो. अख्खा गड्डा कुंपणावरून व्हर्लिनच्या अंगणात भिरकावला आणि ओरडून सांगितलं, घे, तुझ्या लायकीचा कचरा! जानेवारीची फिट्टंफाट. गाढवाने हात हलवून आभार मानले.


१५ जून
विजय जोरात आहे. खास खत, सशांसाठी जाळी. पितळी पाटी कोरून आणली. व्हर्लिनने तो कचरा गॅरेजजवळ लावलाय आणि रोज पाणी घालतो! हसू आवरेना.

५ जुलै, पहाटे
विजय उमलला. नारिंगी आहे.

५ जुलै, सकाळी
खताचा दोष. उन्हाचाही असेल.

१० जुलै
व्हर्लिनच्या गॅरेजजवळ जांभळी डेलिली फुललीय. कुंपणाशी जाऊन म्हटलं, चोरा, माझं रोप परत कर. म्हणाला, फुलावर आलेलं रोप उपटतात का कधी? एवढं तरी कळतं ना तुला? प्रदर्शनात तोच नेणार आहे.
मार्लिस नारिंगी फुलांपाशी खुर्ची टाकून बसते. म्हणते, आईच्या फुलांना एवढं खत जन्मात कोणी घातलं नव्हतं. पाटी काढू देत नाही.

१९ जुलै
चर्चच्या तळघरात प्रदर्शन. पहिलं बक्षीस व्हर्लिनला. माईकवर म्हणाला, रोप शेजाऱ्याने दिलं, देताना नावही त्यानेच ओरडून सांगितलं, तेच ठेवलंय. फुलाखाली चिठ्ठी : 'डेल्बर्टचा कचरा'. लोक टेबलं बडवून हसले. सगळ्यात मोठ्याने मार्लिस.
गाडीपाशी व्हर्लिनला गाठलं. एखादा फुटवा मिळेल का, विचारलं. म्हणाला, सप्टेंबरात देतो की. कुंपणावरून टाकू, का फाटकातून आणू?
फाटकातून, म्हणालो.